रंभाबाईंचा स्कोअर

४ जुलै
आजपासून दर शुक्रवारी संशोधनातल्या रुग्णांना फोन, तोही कामापुरता. तीनच प्रश्न: परसाकडे किती वेळा, रक्त पडलं का, पोट दुखलं का. आमच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यात जखमा आहेत. नवं औषध लागू पडतंय का, ते या उत्तरांच्या स्कोअरवरून ठरतं. नसेल तर लगेच बदलायचं. उशीर झाला तर आतडं काढावं लागतं. शाळेआधी आईने मला घरीच शिकवलं, जे दिसलं तेच लिहायचं. तेच करणार.

पहिला फोन सिंदेवाहीकडच्या रंभाबाईंना. आठ वेळा, रक्त. मला हुंदका आला. (सर्दी आहे.) म्हणाल्या, "रडून काऊन राह्यली, पोरी? होते बरं."

११ जुलै, संध्याकाळी
पाच वेळा! फोन जरा लांबला. चंद्रपुरात सोबत कोन राह्यते, त्यांनी विचारलं. कोणी नाही. जेवणात काय? बिस्किटं. जाम चिडल्या. रुग्णाचा विश्वास मिळवणं हा संशोधनाचाच भाग आहे.

१८ जुलै
दोनदा. रक्त नाई. आनंदाने ओरडलेच. खालून घरमालकांनी काठी ठोकली.
डबीत शौचाचा नमुना मागवला होता, त्यात सूज कळते. म्हणाल्या, "यष्टीचा कंडक्टर आमच्याच गावचा. डबीत काय हाय म्हनून इचारन. लोणचं सांगू का तूप?" आग्रह केला नाही. इतक्या सरळ बाईला नमुना कशाला?

२० जुलै
रविवार. फोनचा वार नव्हता. पाठपुरावा म्हणून केला. धानाच्या रोवणीवर बोललो. आजारावर बोलायचं राहिलं.

२५ जुलै
संशोधन बघणाऱ्या सरांना सांगितलं, माझ्या रंभाबाई सगळ्यांत लवकर बऱ्या होताहेत. सर म्हणाले, बोलावून घे, आतड्यात दुर्बीण घालून बघू. खुशाल बघा, म्हटलं.

१ ऑगस्ट
जखमा वाढल्यात. रंभाबाई मुलाच्या खांद्याला धरून आल्या, वाळून गेलेल्या. खोटं का सांगितलं, विचारलं. म्हणाल्या, "बरं नाई म्हटलं का तू रडते. एकटी पोरगी, तुले चूप कोन करन?"
औषध बदललं. आतडं वाचेल का, सर नक्की सांगत नाहीत. आता रंभाबाईंना फोन माझ्यासोबत काम करणारा राजदीप करणार. तो रडत नाही.

८ ऑगस्ट
राजदीपला त्यांनी सगळं खरं सांगितलं. सहा वेळा, रक्त थोडं. कमी होतंय. फोन दोन मिनिटांत आटोपला.
माझ्याबद्दल काही विचारलं का, असं मी त्याला सहजच विचारलं.
नाही म्हणाला.