ओरडायची गाणी, हळू आवाजात

३ मार्च, सोमवार
ओरडणं बंद! घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आज निकाल देऊन टाकला. गाठ आहे, साधीच आहे, पण "पुन्हा किंचाळलात तर आवाज कायमचा जाईल." म्हटलं, अहो, बावीस तारखेला कार्यक्रम आहे, इतक्या वर्षांनी आमचा बँड पुन्हा उभा राहतोय! त्या शांतपणे म्हणाल्या, "मग हळू गा." जसं काही पोस्ट-पंकचा धडधडाट ही हळू गायची गोष्ट आहे! 'रांग' या गाण्यात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच शब्द ओरडते — "सरका!" तो हळू म्हटला तर बसमध्ये जागा मागितल्यासारखं वाटेल.

४ मार्च
दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासले आणि मनात गाणी घोळवली. एका आजोबांना "खालची ओळ वाचा" म्हणायच्या ऐवजी "सरका" म्हणाले. ते सरकले.

६ मार्च, गुरुवार
काडीला फोन केला. काडी म्हणजे आमचा गिटारवाला. तेव्हा खरंच काडी होता, आता पोट गिटारच्या आड मावत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. वाटलं, भडकेल. तर स्वारी खूश! "मला तरी कुठे झेपतंय आता ते कर्कश वाजवणं? 'रांग'ची अंगाई करू. 'लिफ्ट बंद आहे'चा बोसा नोव्हा, ब्राझीलवाल्यांसारखा हळुवार!" 'लिफ्ट बंद आहे' हे आमचं एकुलतं एक न्यू वेव्ह गाणं. काडीला कुणीतरी कीबोर्ड उसना दिला होता, म्हणून ते न्यू वेव्ह.

ताईला कळवायचं होतं. ड्रम तिचे ना! फोन ती हल्ली उचलतच नाही, सगळं मेसेजवर. पाठवला. उत्तर आलं — "अंगाई???"

९ मार्च, रविवार
पहिली तालीम. जागा — काडीच्या गालिच्यांच्या दुकानामागचं गोदाम. खाली गालिचे, भिंतींना गालिचे, कोपऱ्यांत गुंडाळलेले उभे गालिचे. शेजाऱ्यांना शिंकसुद्धा ऐकू जायची नाही.

आणि 'रांग'! काय सांगू! हळू म्हटलं तर ते "सरका" म्हणजे दमून आलेलं एक माणूस, टेकायला जरा जागा मागतंय. गाणं मीच लिहिलेलं, पण तेव्हा आम्ही इतका धिंगाणा घालायचो की मी काय लिहिलंय ते माझ्याही कानांवर पडलं नव्हतं.

घोडं अडलं ताईपाशी. काठ्यांऐवजी काडीनं तिला तारेचे ब्रश दिले, ड्रमवर नुसते फिरवायचे. "मी झाडू मारायला आलेय का इथे?" म्हणाली. प्रत्येक कडव्याला मागे पडत होती. एकदा तर गाणं संपलं तरी हिचं चालूच! मुद्दाम. लहानपणापासून ओळखते मी तिला.

११ मार्च
ताईचा मेसेज — "तुमच्या गाण्यांत आता काही उरलंच नाही. नुसती हवा." लागलं मला. दुपारचा डबाही गोड लागला नाही.

१४ मार्च, शुक्रवार
तालीम. पहिलीपेक्षा वाईट! ताई म्हणे, "माझ्याकडे तोंड करून गा." अगं, कार्यक्रमाच्या दिवशी काय लोकांना पाठ दाखवून गाऊ? "मग गा तुझं तू." तोंड फुगवून बसली. पन्नाशी उलटली तरी तेच!

ती गेल्यावर काडी हळूच म्हणाला, "ड्रमचं एक यंत्र आहे माझ्याकडे. एवढुसं. चुकत नाही, रुसत नाही. तिला सांगशील?"
मी का?
"बहीण तुझी आहे."

१५ मार्च
ताईशिवाय बँड? तिनंच मला त्यात ओढलं होतं. घरी "शिकवणीला जातोय" अशी थाप मारून निघायचो दोघी! पहिल्या कार्यक्रमात माझी बोबडीच वळली होती. तेव्हा हिनं मागून असा काही ठोका हाणला की मी दचकून किंचाळले. लोकांना वाटलं, हीच हिची शैली. पुढे आयुष्यभर तेच केलं.

पण काडीचंही खरं आहे. असं वाजवलं तर हसं होईल. आणि मला ही हळू गाणी आवडायला लागलीयेत, हे कबूल करायलाच हवं. आता ती गमवायची नाहीत. ताईही गमवायची नाही.

१७ मार्च, सोमवार
सांगायचंच, असं ठरवून ताईकडे गेले. बेल दाबून दाबून बोट दुखलं. आत टीव्ही असा बोंबलत होता की जिन्यातच बातम्या ऐकून झाल्या. शेवटी शेजारीणबाईंनी त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडून दिलं. "हळू कर की तो," म्हटलं, तर म्हणते कशी, "तुला हल्ली सगळंच हळू हवं असतं!"

चहा झाला. तिनं माझा घसा टॉर्च लावून तपासला, डॉक्टरीण असल्यासारखा. यंत्राचं काही बोलले नाही. भित्री ती भित्रीच.

२० मार्च
काडीला सांगून टाकलं — ताई नसेल तर मीही नाही. "मग तिघं मिळून बुडू," म्हणाला. शहाणा माणूस आहे तसा.

२२ मार्च, शनिवार
बुडालो नाही!! आत्ताच घरी आले, बूटसुद्धा काढले नाहीत, आधी हे लिहितेय.

वाचनालयाचं सभागृह, जुना लाकडी रंगमंच, पावलागणिक करकरणारा. ताईनं चपला काढल्या, मोजे काढले, अनवाणी बसली. मला म्हणाली, "पूर्वीसारखी टाच आपट." पूर्वी मी बुटानं ताल द्यायचे ना! म्हटलं, अगं, अंगाईत टाच? "हळू आपट. पण आपट."

आपटली. आणि ताई अशी काही वाजवायला लागली! बाळाला थोपटावं तसे ब्रश फिरत होते, एक मात्रा इकडची तिकडे नाही. 'रांग' संपलं, ती माझ्याबरोबरच थांबली. पहिल्या रांगेतला चामड्याच्या जाकिटातला टकल्या, जो एके काळी आमच्यावर बाटल्या फेकायचा, तो नाक पुसत होता! काडी म्हणाला, "यंत्र विकून टाकतो." मी ताईला मिठी मारली. म्हटलं, गेला ना रुसवा? ती नुसती हसली. "आज गाणं पोचलं माझ्यापर्यंत."

२३ मार्च, रविवार
सामान आणायला दोघीच गेलो. सभागृह रिकामं. ताई पाठमोरी, खाली बसून ड्रमच्या पिशवीचे पट्टे आवळत होती. मी रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला. "ताई," म्हटलं. पुन्हा म्हटलं. जरा मोठ्यानं म्हटलं. मग डॉक्टरीणबाईंची बंदी बाजूला ठेवून, होता नव्हता तेवढा सगळा जुना आवाज लावून किंचाळले — "ताई!" ती पट्टे आवळत राहिली.

मग मी टाच आपटली. हळूच.

लगेच वळली. "काय गं?"