तेवीस नंबर दोघांना

दि. ३ मार्च

चि. गुंड्यास, अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. ह्यांच्यावरचा राग माझ्यावर कशाला काढतोस?

तू बसवून दिलेल्या राउटरला ह्यांनी हात लावला. कुठेतरी वाचलं, की DNS बदललं की नेट पळतं. बदललं, नेट बसलं. मग दोष DHCP वर आला. डबा मनाला येईल तसे नंबर वाटतो, हे जन्मभर जमिनी मोजलेल्या माणसाला कसं पटावं? ते बंद करून ह्यांनी प्रत्येक यंत्राला स्वतः नंबर दिले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. फ्रिज नेटवर नाही, तरी त्यालाही एक.

परवा दुपारी दारात अँब्युलन्स. आईच्या छातीवरच्या यंत्राचे ठोके नेटवरून दवाखान्यात पोचेनात, म्हणून माणसं स्ट्रेचर घेऊन आली. आई पत्ते पिसत होती. कोणाला न्यायला आलात, असं तिनेच विचारलं. आता नर्स दिवसातून दोनदा येते, आणि हे म्हणतात यंत्रच खराब आहे. मी कंटाळले आहे. मला कळेल असं लिही. राग असला तरी माया कमी करू नकोस.

तुझी ताई


दि. ७ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

घरी फोन केला तर भावोजी उचलतील, म्हणून मीही पत्रच लिहितो. दिवसभर मी लोकांचे राउटर दुरुस्त करतो आणि बहिणीच्या घरी ही तऱ्हा. मागे समजावायला गेलो, तर शहाणपणा शिकवू नकोस म्हणाले.

DHCP म्हणजे नंबर वाटणारा कारकून. कुठला दिला, कुठला शिल्लक, हे तोच लक्षात ठेवतो. त्याला घरी बसवलं, की एक नंबर दोघांना जातो आणि दोघंही अडतात. DNS नावावरून पत्ता सांगतं. त्याचाच पत्ता चुकला, तर विचारायचं कुणाला? तेव्हा DHCP चालू कर, DNS आपोआपवर ठेव, यंत्रांमधले हाताने घातलेले नंबर काढ आणि सगळं एकदा बंद करून चालू कर. चिठ्ठ्याही ताडून बघ, दोन सारख्या निघतील. भावोजींना माझं नाव सांगू नकोस. आईला जप, माझी आठवण ठेव.

तुझा गुंड्या


दि. १२ मार्च

चि. गुंड्यास, स. न. वि. वि.

तुझी ताई तुझं पत्र राउटरवर ठेवून भाजी आणायला गेली. नाव न सांगण्याची तिची ही रीत. सगळं तू लिहिलंस तसं केलं. प्रिंटर आणि आईंचं यंत्र, दोघांवर तेवीसच. चौतीस वर्षं लोकांच्या हद्दी आखल्या, एका तुकड्यावर दोन नावं कधी चढवली नाहीत. DNS मध्ये एक आकडा गाळला होता.

काल यंत्र सुरू झालं. आज सकाळी डॉक्टरांनी बोलावलं. पहाटे ठोके दोनदा अडखळलेले त्यांना दिसले, गोळी बदलली. वेळेत कळलं, म्हणाले. ताईला हायसं वाटलं. मी मात्र मधले दहा-बारा दिवस मोजत बसलोय. त्यांत काय काय अडखळलं असेल, कुणालाच माहीत नाही. हे मी घरात बोललो नाही. तुला लिहितोय, कारण तू रागावशील, आणि कुणीतरी रागवायला हवं.

लोभ उरला असेल, तर वाढवावा.

तुझे भावोजी