तुराट्यांची राख

रूपासर कॅम्प, गुजरात
ता. १२ नोव्हेंबर १९९६

ती. अक्का हीस,
भुजंगचा शि. सा. न. वि. वि.

अन् तरी तू पुन्हा तेच लिहिलंस. तीन पत्रं झाली, तिन्हीत तेच, की घरी असताना रांजणात कधी एक घागर ओतली न्हाई अन् आता परमुलखात जाऊन पाणी भरून राह्यलास. दाजींनी पारावर माझं नाव पाणक्या ठेवलं हेही तूच कळवतेस अन् वर रागावू नको म्हणतेस. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा म्हणायचीस, अंगाला डिझेलचा वास येतो. ढाब्यावर होतो तेव्हा म्हणायचीस, लोकांची उष्टी काढतोस. तुला बरं वाटंल असं काम कोणतं ते एकदा कळव, म्हणजे तेही करून सोडून देतो.

नीट ऐक. इथं मोठं तळं आहे, हसनाबाद ते भोकरदन जेवढं लांब तेवढं. थंडीत दूर देशाची पाखरं उतरतात. सरकारनं त्याला राखीव केलंय, बंदूक न्हाई, जाळं मोजून. पण वरच्या अंगाला खताचा कारखाना आहे, त्याचा नाला सरळ तळ्यात येतो. आपण कपाशीला डीएपी टाकतो ना, त्यातलंच फॉस्फरस नावाचं द्रव्य त्या पाण्यात असतं. रानात पडलं तर पीक, तळ्यात पडलं तर शेवाळ. शेवाळ माजलं की खालच्या माशाचा दम कोंडतो अन् मासा गेला की पाखरू कशाला थांबतंय. म्हणून लिटरमागं इतकंच पाहिजे अशी मर्यादा ठरवली. मर्यादा मोडली का, ते पाह्यला शहरातल्या संस्थेचे बूचसाहेब आहेत, अन् त्यांच्यासाठी नाल्याच्या सात जागी चोवीस बाटल्या भरायला मी आहे. पंधरा दिवसाला एकदा. बर्फाच्या पेटीत घालून जीपवर चढवायच्या. दीड वर्ष आकडे बराबर निघाले तर कोर्टातून नाल्याला कुलूप लागंल, अन् मला कायम करू असं साहेब म्हणाले.

वांधा एकच. बाटल्या पातळ तेजाबानं धुवाव्या लागतात. बोटांची सालं निघाली. त्यात दसऱ्यापासून तेजाबाचा कॅनच आला न्हाई, अन् बाटल्यांना आतून हिरवा चिकटा धरतो. साहेब म्हणतात बाटली आरशासारखी पाह्यजे, अन् शहरात निघून जातात. कशानं करू आरसा?

अडीचशेची मनिऑर्डर केली. दाजींना सांग, पाणक्याचे पैसे आहेत, नको असतील तर परत करा.

तुझा लोभ आहे तो आटू देऊ नको.
भुजंग

*

हसनाबाद
ता. ३ डिसेंबर १९९६

चि. भुजंग यास,
झुंबर अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पैसे पोचले. यांनी परत केले न्हाईत, उलट पोस्टमनला चहा पाजला. तुझ्या रागाचं मी काय करू? आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा, तुला कडेवर घेऊन मी या घरात नांदायला आले. तुझा राग मी तेव्हापासून ओळखते, तो पितळी भांड्यासारखा, वाजतो लई अन् तापत न्हाई.

पण बोटांचं वाचलं अन् माझा घास अडला. कोणत्या शहाण्यानं सांगितलं रे, की पाण्याच्या भांड्याला तेजाब लाव? आपल्या आईचा हंडा आठव. सगळी आळी त्यात तोंड पाह्यची. कशानं? तुराट्यांच्या राखेनं. बाभळीची राख नको, ती खरबरीत, ओरखडे पाडते. तुराटीची पांढरी राख जुन्या लुगड्यातून दोनदा चाळायची, चिंधीला घ्यायची अन् गोल गोल हात फिरवायचा. चिकटा जास्त असला तर चिमूटभर धुण्याची पावडर. मंग पाण्यानं विसळून उन्हात पालथं. बाटलीचं तोंड बारीक असंल तर काडीला चिंधी बांध.

पाच किलो राख चाळून डब्यात भरली आहे. जुन्या जालन्यात तुझा दोस्त मच्छिंद्र ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हमाली करतो, त्याच्याकडं देते. गुजरातला सळया घेऊन ट्रक जातात, तो एखाद्या डायव्हरच्या पायाशी ठेवून देईल. तो हसला, म्हणाला, अक्का, राखही पार्सलनं पाठवता का. मी म्हटलं, तुला काय कळतंय.

हे काम तरी सोडू नको. सहा सुटली, हे सातवं.

हाताला खोबरेल लाव अन् माया पातळ करू नको.
झुंबर अक्का

*

रूपासर
ता. २० मार्च १९९७

ती. अक्का हीस,
शि. सा. न. वि. वि.

अक्का, तू जिंकलीस. राख संक्रांतीच्या आधीच पोचली. पहिल्या दिवशीच बाटल्या अशा निघाल्या, की जीपचा डायव्हर म्हणाला नवीन आणल्या का. बूचसाहेबांनी एक उजेडात धरून फिरवून पाह्यली अन् माझ्या पाठीवर थाप मारली. कशानं धुतल्या ते त्यांनी विचारलं न्हाई अन् मीही सांगितलं न्हाई, आपला हुन्नर असा फुकट कशाला वाटायचा. तेजाबाचा कॅन परवा आला, तो तसाच कोपऱ्यात ठेवला. शुद्ध पाण्याचे कॅनही वाचवतो, हातपंपाच्या पाण्यानं विसळलं तरी काम भागतं. साहेबांचा खर्चा तेवढाच कमी.

अन् खरी गोष्ट ऐक. बाटल्या स्वच्छ झाल्यापासून आकडे बराबर सापडायला लागले. आधी नाल्याचा आकडा मर्यादेच्या थोडा वर, थोडा खाली, असा खेळत होता. जानेवारीपासून सरळ तिप्पट. साहेब म्हणाले, कारखान्यानं काहीतरी नवीन सोडलंय, आता सुटत न्हाईत. मला वाटतं चिकट्यामुळं आधी पापच पकडत नव्हतो.

तळं बाकी वाईट दिसून राह्यलंय. नाल्याच्या तोंडाशी पाणी हिरव्या पिठल्यासारखं. सोनूबाई म्हणून एक म्हातारी मासेवाली आहे. ती रोज काठावर येते, मेलेले मासे उलटे करून पाहते, अन् मला विचारते, तुझ्या बाटल्यांचा निकाल कधी. मी म्हणतो, पुढच्या वर्षी. ती म्हणते, तोवर मी राहीन, तळ्याचं सांगता येत न्हाई.

मी हे सोडणार न्हाई अक्का. पहिल्यांदाच असं वाटतंय की मी न्हाई तर काम अडंल.

तीनशे पाठवले. राख अजून लागंल. तुझा हात डोक्यावर राहू दे.
भुजंग

*

हसनाबाद
ता. १५ जुलै १९९७

चि. भुजंग यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मी सगळ्या आळीला वाचून दाखवलं. माझं शिक्षण तिसरीचं, वाचताना चारदा अडले, पण राखेच्या ओळीला बिलकुल अडले न्हाई. यांनी पारावर सांगितलं, की आमच्या चुलीच्या राखेनं गुजरातेत कारखाना पकडला. आता तुला पाणक्या म्हणत न्हाईत, तपासनीस म्हणतात. शेजारची उषाबाई तिच्या तुराट्या आणून देते, म्हणते माझीही राख सरकारी कामाला लागू दे. म्हणून या वेळेस डबा मोठा आहे, आठ किलोचा. मी अन् उषाबाईनं मिळून चाळला.

तू म्हणालास, तू न्हाई तर काम अडंल. भुजंग, हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं थांबले ते तुला ठाऊक न्हाई. नाल्याला कुलूप लागलं की मला कळव. मी ते तळं पाह्यला येणार आहे. आजवर भोकरदन अन् जालन्याच्या पुढं मी गेले न्हाई.

लोभ वाढता राहू दे, राख मी पुरवते.
झुंबर अक्का

*

रूपासर
ता. ९ मे १९९८

मित्र मच्छिंद्र यास,
भुजंगचा स. न. वि. वि.

हे पत्र वाचून फाडून टाक. अक्काला यातलं अक्षर कळलं न्हाई पाह्यजे, तुला आईची शपथ.

मार्चमध्ये सुनावणी होती. बूचसाहेबांनी दीड वर्षाचे आकडे मांडले. कारखान्यानं मुंबईहून एक जाणकार आणला होता, चष्मेवाला, आवाज एकदम मऊ. त्यानं भांडण केलंच न्हाई. एवढंच म्हणाला, की कॅम्पवर धुतलेल्या दोन बाटल्या आणा, त्यात नाल्याचं न्हाई, दुकानातलं शुद्ध पाणी भरा, अन् तपासा. त्यात काहीच सापडायला नको. साहेब खुशीनं हो म्हणाले.

सापडलं. शुद्ध पाण्यात. मर्यादेच्याही वर.

मंग सगळे कॅम्पवर आले. साहेब, तो चष्मेवाला, वकील, कारखान्याचा मॅनेजर. मला बाटली धुऊन दाखवायला सांगितलं. अन् मच्छ्या, मला काहीच माहीत नव्हतं रे. मला वाटलं, माझ्या कामाची तपासणी आहे, आता कायम करणार. मी डबा काढला, जो तू ट्रकवर चढवला तोच. चिंधी काढली. अन् छाती फुगवून सांगितलं, की ही आमच्या गावची तुराटीची राख, माझ्या बहिणीनं लुगड्यातून दोनदा चाळून पाठवली, असली राख तुमच्याकडं मिळणार न्हाई. गोल हात कसा फिरवायचा तेही दाखवलं. पावडरची चिमूटही दाखवली.

मॅनेजर हसला. चष्मेवाला हसला न्हाई, त्यानं वहीत लिहून घेतलं. साहेबांनी डब्यात बोट घातलं, चिमूट उचलली, अन् खाली बसले. नंतर मला समजावलं, की राखेत तेच फॉस्फरस असतं, पावडरीत त्याहून जास्त. कितीही विसळा, काचेला धरून राहतं. तेजाब त्यासाठीच होतं. मी विचारलं, मंग नाल्याचं पाणी चांगलं आहे का. ते म्हणाले, वाईट आहे, मला माहीत आहे, तुला माहीत आहे, त्या सोनूबाईला माहीत आहे. पण किती वाईट, ते आता कोणीच सांगू शकत न्हाई. राखेच्या आधीचे आकडे थोडे, त्यावर काही उभं राहत न्हाई. सगळं दीड वर्ष रद्द.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, चूक माझी, बाटली कशी चमकते हे मी विचारलंच न्हाई. संस्थेनं काम बंद केलं, साहेबांची बदली झाली. नाल्याला आणखी पाच वर्षांची परवानगी मिळाली. अन् त्या परवानगीच्या कागदात, मला वाचून दाखवलं, लिहिलंय की आधीचे आकडे राखेमुळे फुगलेले होते.

सोनूबाईनं निकाल विचारला. मी म्हटलं, बाटल्या फुटल्या. ती म्हणाली, सगळ्या? यंदा पाखरं चार दिवस उतरली अन् उठून गेली.

पुढचं लिहायला लाज वाटते. कामावरून निघालो अन् पंधरा दिवस रिकामा होतो. त्या मॅनेजरनं माणूस पाठवला. सांगितलं, त्या राखवाल्या पोराला घ्या, त्यानं आपलं काम केलंय. खताच्या गोण्या चढवायचं काम. पगार दुप्पट. आधी थुंकलो. मंग गेलो. मी सहा कामं सोडली मच्छ्या, हे एक सोडायचं नव्हतं अन् तेच सुटलं. आता जे धरलंय ते सोडायलाही जीव उरला न्हाई.

अक्काला म्हण, मी मजेत आहे. अन् ती पुन्हा डबा घेऊन आली तर घेऊन ठेव, पण ट्रकवर चढवू नको.

तुझ्याशिवाय हे कोणाजवळ बोलू? मैत्री तेवढी तुटू देऊ नको.
भुजंग

*

हसनाबाद
ता. ११ जून १९९८

चि. भुजंग यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तीन महिने पत्र न्हाई. मच्छिंद्राकडं गेल्ते तर तो नजर चुकवून बोलला, म्हणाला मजेत आहे. मजेत असलेला माणूस एवढा गप्प राहतो का? डबाही त्यानं घेतला, पण ट्रकचं विचारलं तर हमालाला हाक मारत निघून गेला.

कुलूप लागलं का ते कळव. आळी रोज विचारते. उषाबाईनं तर या वर्षी सगळ्या तुराट्या राखून ठेवल्या, एक जाळली न्हाई. अन् दसऱ्यानंतर मी अन् हे, दोघं येऊन राह्यलो. यांनी एसटीच्या माणसाला विचारून वही भरली आहे, कुठं उतरायचं, कुठं बदलायचं. मला ती पाखरं पाह्यची आहेत अन् तुझे बूचसाहेब. त्यांच्यासाठी कुरडया करते आहे.

तुझे हात कसे आहेत? एवढं तरी लिही.

रुसला असशील तर रूस, पण लोभ तोडून रुसू नको.
झुंबर अक्का

*

रूपासर
ता. २ जुलै १९९८

ती. अक्का हीस,
भुजंगचा शि. सा. न. वि. वि.

काम लई होतं म्हणून पत्र लांबलं, त्या मच्छ्यावर राग धरू नको, तो लहानपणापासून तसाच.

कुलपाचं कोर्टात आहे, अशा गोष्टींना वर्षं लागतात. तळं आहे तिथंच आहे. बूचसाहेबांची दुसरीकडं बदली झाली, मोठ्या जागेवर. जाताना तुझी आठवण काढली. म्हणाले, तुझ्या बहिणीसारखी स्वच्छ भांडी मी कुठं पाह्यली न्हाईत. हे त्यांचे बराबर शब्द आहेत.

राख आता पाठवू नको. तुझं काही चुकलं असं मनात आणू नको, बिलकुल न्हाई. इथं प्लास्टिकच्या नव्या बाटल्या आल्यात, एकदा भरून फेकायच्या, धुवायचं कामच संपलं. उषाबाईच्या तुराट्या चुलीला लागू दे. तू चाळलेली राख आईच्या हंड्याला लाव. ती त्याच कामाची आहे अन् त्या कामाला तिच्यासारखं दुसरं काही न्हाई.

दसऱ्याला येऊ नका. रस्ता उखडलाय, पाण्याला वास आहे, अन् पाखरं या वर्षी उशिरा येणार म्हणतात. यायची झाली की मी कळवीन. कुरडया तुम्हीच खा. दाजींना सांग, वही जपून ठेवा.

हात बरे आहेत. सालं निघायची थांबली, कातडी आता चांगली जाड झालीय. पांढरी भुकटी बसते तेवढी, धुतली की जाते.

मला कायम केलंय अक्का. पगार वाढला. काय काम, ते भेटीत सांगीन.

तुझी माया होती तशी असू दे, मी कसाही असलो तरी.
भुजंग

ता. क. मनिऑर्डर वेगळी केली आहे, या वेळेस रुपये सातशे.