दुसरा पट्टा

बदामी, रविवार

अक्का, पाया पडते.

मी बरी आहे. ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी पोटभर मिळतात. अम्माचा गुडघा कसा आहे? हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

शुक्रवारी शाळेच्या मुलींना कड्यावर चढवायचं होतं. वर जाऊन दोर बांधायचं काम माझं. खडकात दोन बोल्ट असतात. दोन्हींना पट्टे अडकवून मग दोर सोडायचा, म्हणजे एक निसटला तरी दुसरा धरतो.

माझ्याबरोबर शिकवणारा शंकरण्णा खालून ओरडला, "भागी, वर येऊन बघू का?" आम्ही एकमेकांचं काम नेहमीच तपासतो. पण मुली ऐकत होत्या. मी म्हटलं, "का अण्णा, मी काय काल आलेय?" मुली खिदळल्या.

तरी तो मागच्या वाटेने आलाच. एकच पट्टा अडकवलेला होता, दुसरा नुसता लोंबत होता. त्याने तो गुपचूप अडकवला आणि खाली मुलींना हाक दिली, "पाणी प्यायला आलो होतो गं!"

त्याने माझी चूक झाकली, तेच मला सोसेना. खाली येऊन मी मुलींना खरं ते सांगितलं. त्यांतल्या रत्नव्वाने लगेच कमरेचा दोर सोडला. "मग मी नाही चढणार, मिस." तिला कोणी रागावलं नाही. मला तिच्याकडे बघवेना.

काल पुन्हा दोर बांधताना मीच हाक मारली, "अण्णा, बघून जा." त्याने दोन्ही पट्टे ओढून पाहिले. रत्नव्वा खाली शेंगा खात बसली होती. तिने वर पाहिलं, पण उठली नाही.

तुझी, लाजलेली
भागी