एक घर, एक कंपनी

२ जून, सोमवार. सकाळी ६

ठरलं. घरात माणसं सहा, मोबाईल सहा, कंपन्या तीन. कोणाचा रिचार्ज कधी संपतो, पत्ता नाही. वडिलांचा, अप्पांचा, संपला की मी निलंग्यातलं खताचं दुकान सोडून पळायचं. आता बस्स. एक घर, एक कंपनी, एक बिल.

सहाही सिमकार्डं माझ्या आधारवर आहेत. म्हणजे कायद्यानंसुद्धा निर्णय माझाच. तरी मी लोकशाही मानतो. आधी सर्व्हे, मग आकडे, मग घरच्यांना विचारणार.

दुसरा संकल्प: या महिन्यात कोणावर हात उचलायचा नाही. डॉक्टर बीपीचं म्हणाले म्हणून. एरवी मी शांतच आहे. मागच्या महिन्यात आमच्या हमालाला लागलं, ते पोतं सरकल्यामुळं.

३ जून, मंगळवार

सर्व्हे. घरातले पाच फोन गोळा केले (सहावा माझी लेक ऋतुजाचा, ती लातूरला हॉस्टेलवर, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासला). ते घेऊन गावच्या पाण्याच्या टाकीवर चढलो. वहीत रकाने आखले होते: जागा, कंपनी, रेंजच्या दांड्या.

अर्ध्या तासात रेवणप्पा, माझा धाकटा भाऊ, खालून ओरडायला लागला. त्याला ट्रॅक्टरवाल्याला फोन लावायचा होता. पेरणीचे दिवस. म्हणाला, "अण्णा, फोन दे, मग दांड्या मोज." मी सांगितलं, विज्ञानाला घाई चालत नाही. तो वर चढून आला. ओढाओढीत त्याचाच फोन टाकीत पडला. त्यानं मला मुस्काटात दिली. मीही दिली. टाकीच्या कठड्यावर थोडी झटापट झाली. सरपंचानं खालून हात जोडले.

याला हात उचलणं म्हणत नाहीत. भावाभावातली चर्चा होती.

रेवणप्पाला नवा हँडसेट मी घेऊन देणार. ऐपत आहे.

५ जून, गुरुवार. रात्री

'तरंग' कंपनीचा एजंट दुकानात आला. म्हणाला, तुमच्या गावात फुल रेंज. मी म्हटलं, चल दाखव. स्वतःच्या गाडीवर बसवून नऊ किलोमीटर नेलं. आमच्या अंगणात एक दांडी. ओसरीवर तीही गेली आणि कर्नाटकात स्वागत असल्याचा मेसेज आला.

एजंट म्हणतो, "भिंती जाड हायत तुमच्या." पन्नास वर्षांच्या भिंतींना नावं ठेवतो! एक ठेवून दिली. फक्त एक. डाव्या हातानं, म्हणजे मोजायची नाही.

सायंकाळी तो आणखी दोघांना घेऊन दुकानावर आला. बियाण्याचं गिऱ्हाईक बसलेलं. मी पोती ओढायचा आकडा हातात घेतला, नुसता दाखवायला. त्यांनी तो काढून घेतला. ओठाला तीन टाके. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं.

घरी सांगितलं, युरियाचं पोतं पडलं. दामिनीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि भाकरी वाढली. माझी बायको कमी बोलते. समजूतदार आहे.

'तरंग' बाद.

८ जून, रविवार. सायंकाळी ७

कुटुंब बैठक. आजचा दिवस ऐतिहासिक.

मी आकडे वाचले. 'गगन' कंपनीचा फॅमिली प्लॅन सहाजणांना मिळून सर्वात स्वस्त, महिन्याला चारशे वाचतात. टाकीवर 'गगन'च्या चार दांड्या. विषय संपला होता. पण मी लोकशाही मानतो, विचारलं.

अप्पा म्हणाले, "माझा नंबर वीस वरसं एकाच कंपनीत हाय. मरंपर्यंत राहू दे."

दामिनी म्हणाली, अंगणवाडीत फक्त 'हॅलोटेल'ची रेंज येते. रोज लेकरांची हजेरी फोटोसकट ॲपवर टाकावी लागते, नाही टाकली तर नोटीस. एवढं लांब वाक्य ती वर्षात पहिल्यांदा बोलली असेल.

ऋतुजाला फोन लावला. ती म्हणाली, "पप्पा, माझ्या खोलीत 'तरंग'शिवाय दुसरं काहीच लागत नाही. प्लीज बदलू नका."

रेवणप्पा म्हणाला, "घरात 'गगन' लागतंय का ते आधी बघ की. आपण काय टाकीवर ऱ्हातोत का?"

हे वाक्य त्यानं हसून म्हटलं. आणि अप्पाही हसले.

तांब्या माझ्या हातात होता. निसटला. खांबाला लागून उसळला आणि अव्वाच्या, माझ्या आईच्या, कपाळावर बसला. पितळी, जुना, जड. अव्वा खाली बसली. ओरडली नाही. पदर लावला, पदर लाल झाला. दामिनी धावली. रेवणप्पानं जीप काढली. चार टाके पडले.

दवाखान्यात अव्वानं सांगितलं, उंबऱ्याला अडखळून पडले. मी तिथंच होतो. दुरुस्ती करणार होतो, पण डॉक्टर घाईत होते.

घरी आल्यावर परत विषय काढला. सगळ्यांनी मान्य केलं. एकानंही विरोध केला नाही. आकडे नीट समजावून सांगितले की माणसं ऐकतात.

१० जून, मंगळवार

पोर्टिंगचे मेसेज मीच पाठवले. सगळ्यांनी फोन आपणहून आणून दिले. ऋतुजाचा कोड तिच्याकडून मागवून घेतला. "पप्पा, आजीच्या डोक्याला काय झालं?" असं तिनं विचारलं. कोणी सांगितलं हिला? म्हटलं, अभ्यासाकडं लक्ष दे.

१४ जून, शनिवार

सहाही नंबर 'गगन'वर आले. दुकानात पूर्ण रेंज. पेढे वाटले.

घरी रेंज नाही. ओसरीवर नाही, गच्चीवर नाही. कंपनीला तक्रार केली. नव्वद दिवस दुसरीकडं जाता येत नाही म्हणे. ठीक आहे. घाईनं निर्णय बदलणारा माणूस मी नाही.

१५ जून, रविवार

रेंज सापडली. जागा अडचणीची आहे. मलप्पाचा बांध.

मलप्पा आमचा शेतशेजारी. बांधावरून तीन वर्षं आमची कोर्टात तारीख चालू आहे. नेमकी त्याच्या बाजूला, जांभळीखाली, 'गगन'च्या तीन दांड्या येतात. काल दामिनी अंगणवाडीतून पाऊण किलोमीटर चालत तिथं गेली, फोटो पाठवले, परत आली. आज अप्पाही काठी टेकत गेले. मलप्पानं त्यांना बसायला दगड मांडून दिला, चहाही पाजला.

मला मात्र निरोप आला: "संगमेशनं पाय ठिवला तर पाय ऱ्हायचा न्हाई."

अडाणी माणूस. उद्या समजावतो.

१६ जून, सोमवार. आडवा पडून लिहितोय

सकाळी कंपनीला फोन लावायला बांधावर गेलो. हातात काठी होती, साप असतात म्हणून. मलप्पाला शांतपणे सांगितलं की हवेतल्या लहरींवर तुझ्या बापाची मालकी नाही. बाप काढायला नको होता. पण मुद्दा बरोबर होता.

त्याची दोन पोरं पेरणी सोडून आली. पहिली काठी मीच मारली. ती मलप्पाच्या खांद्यावर बसली, चांगली बसली. नंतरचा हिशोब मला नीट आठवत नाही. चिखलात पडलो. बरगडीत लाथ. पाठीत तिफणीचा दांडा. तोंडात माती.

तेवढ्यात रेवणप्पा पळत येताना दिसला. जीवात जीव आला. रक्ताचं नातं ते रक्ताचं.

तो बांधावर थांबला. दम घेतला. आणि मलप्पाच्या पोरांना म्हणाला, "डोस्क्यावर मारू नका रे. बाकी चालू द्या."

त्या वेळी तो गोंधळला असणार. माणूस संकटात काहीही बोलतो.

दोन बरगड्यांना चीर. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं. दुकान बंद. भर पेरणीत.

१८ जून, बुधवार. दुपारी

दोन दिवस घरात पडून. बांधावर कोणी गेलेलं नाही. फोन उशाला, रेंज नाही. शांतता आहे. असं वाटतं, ही विश्रांती मला हवीच होती.

१८ जून, तोच दिवस. ४ वाजता

ऋतुजाच्या खोलीत राहणारी धम्मप्रिया, तिचे वडील आले होते. ते एसटीत कंडक्टर. लातूरची गाडी निलंग्यात लावून कोणाची तरी मोटरसायकल मागून आले. हेल्मेट न काढताच ओसरीवर उभे राहिले.

ऋतुजा दवाखान्यात आहे. शनिवारपासून ताप. डेंग्यू. पेशी तीस हजारांवर आल्या. काल क्लासमध्ये पडली. धम्मप्रिया गावी गेलेली, ऋतुजाच्या फोनला खोलीत रेंज नाही, तीन दिवस तापात तिला कोणाला बोलावता आलं नाही. धम्मप्रियानं स्वतःच्या फोनवरून आमचे पाचही नंबर लावले. कालपासून चाळीस वेळा. पाचही बंद.

"एकाचा तरी लागायला पाहिजे होता ना, साहेब," असं ते म्हणाले. रागानं नाही.

दामिनीनं हातातलं सूप खाली ठेवलं. सगळे जीपमध्ये बसले. मला कोणी या म्हटलं नाही, बरगड्यांमुळं असेल. मी पाठोपाठ काळीपिवळीनं निघालो.

२० जून, शुक्रवार

परवाचं लिहायचं राहिलं.

लातूरला उतरलो. दवाखाना डाव्या हाताला होता. उजव्या हाताला, चौकात, 'गगन'चं शोरूम. माझा विचार असा झाला की आधी मूळ कारणावर घाव घालावा. पाच मिनिटांचं काम.

आत एसी होता. टोकन घ्या म्हणाले. मी स्टूल घेतलं. काउंटरची काच एका घावात गेली. दुसऱ्या घावाला टीव्ही, त्यात एक हसरं कुटुंब मोबाईल धरून उभं होतं. तिसरा घाव खुर्चीतल्या पोराच्या मनगटावर बसला. त्याला मारायचं नव्हतं. तो संगणक वाचवायला हात मधी घालत होता. हाड मोडल्याचा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं. पोरगा आई गं म्हणाला.

मग दारावरचा गार्ड. साठीचा म्हातारा, पण पूर्वी फौजेत. बरगडीत कोपर घातलं. मी खाली.

पोलीस ठाण्यात हवालदार चांगला होता. "घरच्यांला लावा फोन," म्हणाला. लावले. अप्पा, अव्वा, दामिनी, रेवणप्पा. आपण संपर्क साधू इच्छित असलेली व्यक्ती. चार वेळा तेच. ते चौघं माझ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, दवाखान्याच्या तळघरातल्या रक्तपेढीपुढं बसले होते.

हवालदारानं विचारलं, "कोणती कंपनी हो तुमची?"

काल दुपारी जामीन झाला. दवाखान्यात गेलो. ऋतुजाच्या हाताला सलाईन, ओठ काळे पडलेले. पेशी वाढायला लागल्यात म्हणाले. मी पाया पडायला आल्यासारखा तिच्या पलंगाशी उभा राहिलो. तिनं अव्वाच्या कपाळाकडं बघितलं, टाक्यांकडं. मग माझ्याकडं.

"आजी, कशानं लागलं?"

अव्वा म्हणाली, "पडले गं."

"कशावर पडलीस?"

अव्वानं पदर कपाळावर ओढला. अप्पा खिडकीकडं बघत बसले. दामिनीनं सांगितलं. पहिल्यापासून. तांब्या, टाकी, एजंट, बांध, सगळं. तारखांसकट. मला वाटलं होतं, वही फक्त मी लिहितो.

ऋतुजा म्हणाली, "पप्पा, तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर थांबलो. बाकावर जागा होती, पण बसलो नाही.

२४ जून, मंगळवार

ऋतुजाला सुट्टी मिळाली. गावाकडं आली नाही. दामिनीनं लातूरला क्लासजवळ खोली घेतली. अंगणवाडीत रजा टाकली. अव्वा तिच्यासोबत. अप्पाही म्हणाले, दोन महिने राहतो, डॉक्टर जवळ आहे.

हवापालट चांगला असतो.

त्या पोराचं मनगट प्लास्टरमध्ये आहे. कोर्टाची तारीख सप्टेंबरची.

२९ जून, रविवार

रेवणप्पा लातूरहून आला. एक पाकीट दिलं. त्यात पाच सिमकार्डं. अप्पांचं वीस वर्षांचंसुद्धा. सगळ्यांनी आपापल्या आधारवर नवी घेतलीत म्हणे.

दामिनीचा नवा नंबर मागितला. तो म्हणाला, "इचारून सांगतो." बांधावर जाऊन कोणाशी तरी बोलला. परत आला. "नगं म्हणाली."

अप्पांचा? "नगं."

ऋतुजाचा मी मागितलाच नाही.

निदान कंपनी तरी कोणती घेतली, असं विचारलं.

"येगयेगळ्या हायत अण्णा. ज्याला जी लागती ती."

आणि त्यानं बैलांना पाणी दाखवलं. भिंतीपलीकडच्या खोलीत तो आता वेगळी चूल मांडतोय. मला म्हणाला, भाकरी हवी असली तर आवाज दे.

४ जुलै, शुक्रवार. दुकानात

पेरणी उरकली. गिऱ्हाईक नाही. बरगडी दुखते.

दुपारी फोन वाजला. खुर्ची पाडून उचलला.

'गगन'वाले होते. बाईचा आवाज, रेकॉर्ड केलेला, पण गोड. नमस्कार संगमेशजी, म्हणाली. आमच्या फॅमिली प्लॅनबद्दल आपण व आपलं कुटुंब समाधानी आहात का? अजिबात समाधानी नसाल तर एक दाबा. पूर्ण समाधानी असाल तर पाच.

तिनं परत विचारलं. तितक्याच प्रेमानं.

मी पाच दाबला.

धन्यवाद म्हणाली.