कागदात न आलेली अट

मी, छबूबाई कोंडीराम पठारे, वय सत्तेचाळीस, धंदा दुसऱ्यांची भांडणं मिटवणं, राहणार आकुर्डी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. शाळा तिसरीपर्यंत झाली. अक्षर वाकडं आहे, डोकं सरळ आहे. त्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, आज वार कोणता?" मी म्हटलं, "गुरुवार. तुमचा दवाखाना दुपारी बंद असतो, लवकर लिहा." त्यांनी लिहिलं.

कोणी दारू पाजून, दम देऊन किंवा रडून माझ्याकडून हे लिहून घेतलेलं नाही. अठरा वर्षं वकिलाच्या ऑफिसात काढली, असले कागद कसे करून घेतात ते मला ठाऊक आहे. येत्या सोमवारी, दिनांक सोळाला, मला पुण्याच्या कोर्टात साक्ष द्यायची आहे. तिथवर मी पोचेन असं धरून बसता येत नाही, म्हणून आज लिहिते.

कलम पहिलं. माझे नवरे कोंडीराम बाबू पठारे हयात आहेत आणि खडकीला दुसऱ्या बाईकडे राहतात. सोडचिठ्ठी मी घेतली नाही, त्यांनी दिली नाही. मी कागद न करता मेले तर कायद्याने माझं घर त्यांना जाईल, म्हणून लिहिते की त्यांना काहीही देऊ नये. दहाव्याला लोकांना दिसायला येतील. चहा द्यावा, साखर बेताची घालावी.

त्यांच्याच पायी मी या धंद्यात आले. सन १९६३ साली मी पोटगीसाठी वकील अर्जुनराव निगडे यांच्याकडे गेले. तेव्हा कारखान्यांसाठी जमिनी जात होत्या आणि अर्जुनरावांच्या ओट्यावर भाऊबंदांची रांग असे. भाऊ भावाशी भांडे, बहिणींच्या सह्या घ्यायला गाडी जाई. अर्जुनराव कोर्टात फार कोणाला जाऊ देत नसत. 'दोन्ही बाजूंनी मला लवाद नेमा' म्हणत, आणि बसवून मिटवत. जमिनी संपल्या. मग त्याच घरांतल्या सुना यायला लागल्या.

बाया अर्जुनरावांपुढे तोंड उघडत नसत, पदर चावत बसत. मी तेव्हा तिथं झाडलोट करत होते. एक दिवस ते म्हणाले, "छबूबाई, आत जाऊन बसा तिच्याजवळ. काय म्हणते ते मला सांगा." तेव्हापासून रीत पडली. पुढच्या खोलीत नवरा आणि त्याची माणसं, मागच्या खोलीत बायको आणि तिची आई, आणि मध्ये मी, इकडून तिकडे. अर्जुनरावांनी शिकवलं, "ऐकलेलं सगळं नेऊ नका. तिखट उंबऱ्यावर काढायचं, मीठ न्यायचं." ती म्हणाली 'मेल्याचं तोंड बघणार नाही', की मी बाहेर येऊन सांगायची, 'तिला राग आहे, पण तुमची आठवण काढते.' तो म्हणाला 'कुत्री परत आली तर तंगडं मोडीन', की मी आत सांगायची, 'तुझ्यावाचून त्याच्या जेवणाचे हाल आहेत.' हसू नका. या खोटेपणावर किती घरं उभी आहेत ते मी मोजलेलं नाही, पण आकुर्डीपासून चाकणपर्यंत लग्नाला मला अजून मानाचं पान मिळतं.

मिटलं की कागद व्हायचा. अटी लिहायच्या. दोघांनी एकाच वाटीतला गूळ खायचा आणि बायकोची पिशवी नवऱ्याने स्वतःच्या हाताने उचलायची. पिशवी उचलली की बाई नांदायला गेली.

कलम दुसरं. माझी भावजय शालनबाई हिने माझी ठुशी एका लग्नापुरती नेली ती पंधरा वर्षं परत केली नाही. ती तिलाच राहू दे. फक्त माझ्या मयताला घालून येऊ नये.

कलम तिसरं. पाटा, वरवंटा, दोन हंडे आणि लोखंडी कॉट शेजारीण सरूबाई हिला द्यावी. तिचा स्वभाव चोंबडा आहे. पण गेला महिनाभर दिवसातून चारदा माझ्या दारात डोकावते, ते उगाच नाही. मीच सांगितलं आहे.

कलम चौथं, हे नीट वाचावं. आकुर्डीतील एक गुंठा जागा आणि तीवरचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, माझ्या कमाईचं, मी कुमारी कस्तुरा, वय सात, हिला देते. ती माझी कोणी नाही. ती दुर्गाबाई रंगराव टेमगिरे, मयत, हिची मुलगी. सध्या बापाकडे म्हाळुंग्याला, चाकणच्या बाजूला आहे.

भाचा विलास हे ऐकून म्हणाला, "आत्या, सख्खा भाचा सोडून परक्या पोरीला? लोकं काय म्हणतील?"

मी म्हटलं, "लोकं म्हणतील आत्याला अक्कल होती."

"पण का?"

का ते आता लिहिते. तोंडाने मला सांगता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी, दुर्गा माहेरी पुनावळ्याला निघून आली होती. तिची आई चिमाबाई तिला घेऊन आली. रंगराव दोन माणसांना घेऊन आला. मोठं घर, बोलणं गोड, आल्याआल्या माझ्या पाया पडला. मी आत गेले. दुर्गा रडत नव्हती. मला वाटलं, काम सोपं आहे.

ती म्हणाली, "मावशी, मी जाते. पोरीसाठी जाते. पण एक अट कागदात घाला. शेतातल्या विहिरीवर मी पाण्याला एकटी जाणार न्हाई. संगट जाऊबाई नायतर सासूबाई पायजे."

मी विचारलं, "का गं? विहिरीचं काय भ्या?"

"त्यांनी मला एकदा काठावर धरलं हुतं. दोन्ही हातांनी, आत वाकवून. हसत हुते. म्हणले, गंमत केली."

मी म्हटलं, "नवरे करतात असली गंमत. पाण्याला कोण जाणार हे कोणी स्टँपावर लिहितं का? हसतील लोकं."

ती म्हणाली, "हसू द्या. पण लिवा."

चिमाबाई मध्ये पडली, "लिवा की हो बाई, ती सांगती तर." मी तिलाही गप्प केलं. दुपार टळत आली होती, बाहेर आणखी दोन जोडपी बसली होती, आणि मला उशीर खपत नाही. उंबऱ्यावर ती अट मी टाकली. पुढच्या खोलीत जाऊन सांगितलं, "तिची काही अट नाही. नांदायला तयार आहे."

कागदावर पाच अटी आल्या. मारहाण करायची नाही, सणाला माहेरी पाठवायचं, असल्या. सहावी आली नाही. दुर्गाला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "घातली ना?" मी मान डोलावली. तिनं अंगठा दिला. रंगरावने गूळ खाल्ला आणि म्हणाला, "गूळ चांगलाय मावशी, कुठून आणता?" मग पिशवी उचलली.

चाळीस दिवसांनी ती त्याच विहिरीत सापडली. पंचनाम्यात पाय घसरला असं आलं. हंडा काठावर होता, भरलेला. भरलेला हंडा काठावर ठेवून बाई पुन्हा कशाला वाकेल, हे पाच पंचांत एकालाही सुचलं नाही. कस्तुरा तेव्हा पाच वर्षांची. ती विहिरीपाशीच होती. तिला कोणी काही विचारलं नाही आणि तिनं त्या दिवसापासून बापाशी शब्द बोललेला नाही.

तुळशीचं लग्न झालं, आता रंगराव दुसरं करतो आहे. चिमाबाईने नातीचा ताबा मागितला आहे. रंगरावचं म्हणणं, बायको सुखात होती, तिची तक्रारच नव्हती, हा बघा कागद, तक्रार असती तर अटीत आली असती. माझा कागद. कोर्ट तो कागद मानेल आणि पोरगी त्याच्या घरात मोठी होईल. पाण्याला आता तिलाच पाठवतात. म्हणून मी सांगणार आहे की अट होती आणि ती मी गाळली.

अर्जुनरावांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, "छबूबाई, मागच्या खोलीतलं मागच्या खोलीत राहतं, एवढ्यावर आपलं सगळं चाललं. तुम्ही बोललात तर यापुढे एक बाई आत तोंड उघडणार नाही."

मी म्हटलं, "दुर्गानं उघडलं होतं. काय उपयोग झाला?"

"तुमच्यावरच उलटेल."

"उलटू द्या. मी मेले तर हा कागद कोर्टात चालेल का तेवढं सांगा."

"त्यावर वाद घालता येईल."

"मग घाला. आयुष्यभर वाद मिटवलेत, एक घालून बघा."



कलम पाचवं. घर कस्तुराच्या नावावर असलं तरी ती अठराची होईपर्यंत सगळी व्यवस्था विलासने बघावी. बाप हा नैसर्गिक पालक असतो हे मला कोणी शिकवू नये. म्हणूनच लिहिते की रंगराव सोनबा टेमगिरे याने पालक म्हणून या घराच्या कडीलाही हात लावू नये. चिमाबाईने नातीला घेऊन इथंच राहावं. विलास, तुझं तोंड वाकडं होईल. होऊ दे. तुला कंपनीत कायम केलं आहे, तुझे हातपाय धड आहेत. शिफ्ट कोणतीही असो, महिन्यातून एकदा पोरीला बघून यायचं.

कलम सहावं. दिवाळीपासून रंगराव तीनदा घरी येऊन गेला. वसुबारसेला पेढे घेऊन आला. म्हणाला, "मावशी, तुम्ही घर जोडणारी माणसं. मोडायला का निघाला?" पेढे मी सरूबाईच्या म्हशीपुढे टाकले. म्हैस जिवंत आहे, हे खरं ते लिहिते. दुसऱ्यांदा आला आणि नुसता दारात बसला, तासभर, सुपारी कातरत. तिसऱ्यांदा, परवा मंगळवारी, म्हणाला, "विहीर बुजवतोय मी, मावशी. बुजवायच्या आधी एकदा बघायला या."

मी म्हटलं, "बघितलीय."

तो म्हणाला, "आतनं न्हाई बघितली."

म्हणून माझ्या मरणाबद्दल खालील गोष्टी नोंदवते. माझं माहेर इंद्रायणीकाठी आहे आणि मला पुरुषासारखं पोहता येतं. माझ्या घरात स्टोव्ह नाही, चूल आहे, आणि मी नायलॉनचं पातळ नेसत नाही. मला फिट येत नाही, चक्कर येत नाही. कोणाच्या घरचं खाणं मी महिन्यापासून सोडलं आहे. माझे डोळे चांगले आहेत, ट्रकची वाट मला दिसते. जीव द्यायचा माझा विचार नाही. यातलं काहीही पंचनाम्यात आलं तर ते खोटं समजावं, आणि रंगराव कुठं होता ते आधी विचारावं.

कलम सातवं. माझ्या मागे बाया तुमच्याकडे येतील, अर्जुनराव. जी कोणी मागच्या खोलीत बसेल तिला हे वाचून दाखवा. बाईने अट सांगितली, वेड्यासारखी असली तरी, तिच्याच शब्दांत लिहायची. चूक झाली तर कागदाची होऊ दे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे करायला वेळ मिळाला तर आनंदच आहे. या कागदाच्या तीन प्रती केल्या. एक विलासकडे, एक चिमाबाईकडे, एक उद्या रजिस्टर व्हायला जाईल. तिन्ही एका ठिकाणी राहणार नाहीत, ते बरं आहे.

सही : छबूबाई कोंडीराम पठारे

साक्षीदार पहिला : सरूबाई धोंडीबा जाचक, आकुर्डी. डाव्या हाताचा अंगठा. छबूबाईंनी आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा : अर्जुनराव हरी निगडे, वकील. छबूबाईंनी माझ्यासमक्ष, शुद्धीवर, सही केली. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते; मी वाचला. दुर्गाबाईंची अट त्या दिवशी मलाही ऐकू आली होती. छबूबाईंनी सांगितली नाही आणि मी विचारली नाही. मलाही लवकर उरकायचे होते. सोमवारी मीही साक्ष देणार आहे. दोन्ही बाजूंना आधी कळवावे, ही माझी पहिल्यापासूनची रीत, म्हणून रंगराव टेमगिरे यांस तसे पत्र आज सकाळीच माणसाकरवी पाठवले. ते त्यांना पोचले. उत्तर आलेले नाही, पण माणूस सांगतो की पत्र वाचून ते हसले आणि छबूबाई सोमवारी कितीच्या गाडीने निघणार, एवढेच विचारले. माणसाने सांगितले.

मुक्काम आकुर्डी, दिनांक १२ नोव्हेंबर १९८१, गुरुवार.