मनीषाच्या कार्डावर

२० जानेवारी, सोमवार

आज पडले. खरं तर पडले नाही, पाडलं. पडघ्याच्या गोडाऊनला पॅकिंगच्या टेबलाशी सकाळपासून उभी. जेवणाच्या सुट्टीनंतर पोटऱ्या दगड झाल्या, म्हणून भरलेल्या एका खोक्यावर जरा टेकले. नवा सुपरवायझर मागून आला आणि पायाने खोका सरकवला. थेट फरशीवर, माकडहाडावर आपटले. चारजण हसले. तो म्हणाला, "मनीषा, इथे हळदीकुंकवाला आलीस काय?"

मीही गप्प राहिले नाही. पाय कुणावर चालवतोस म्हणून विचारलं, सगळ्यांसमोर. वर ओव्हरटाइमचंही काढलं. कायद्याने डबल द्यायचा तो सिंगल देतात. तोंड सुटलं की माझं आवरत नाही.

शेजारच्या टेबलावरच्या शबानाने हात धरून उठवलं. घरी येताना गोडाऊनच्या गाडीत बसवेना. आईला सांगितलं, पाय घसरला.

माझी मोठी बहीण मनीषा जाऊन तीन वर्षं झाली आणि गोडाऊनमध्ये अजून तिच्याच नावाने शिव्या पडतात. मेल्यावरही बाईला सुटका नाही.

२१ जानेवारी

गेटवर हजेरीच्या मशीनसमोर तोंड धरलं. रोज माझा चेहरा येतो आणि खाली मनीषाचं नाव. आज नुसता लाल चौकोन. वॉचमन बिचारा खाली मान घालून म्हणाला, "ताई, तुमचं बंद केलंय. वरून फोन होता." नोटीस नाही, चिठ्ठी नाही. या महिन्याचा पगार? "ते मुकादमाला विचारा."

मुकादम म्हणजे ठेकेदाराचा माणूस, दिनेश. फोन उचलत नाही.

त्याच्यावर राग धरावा तर तोही धड धरता येत नाही. मनीषाची कावीळ वाढली तेव्हा गोडाऊनची पिकअप काढून त्यानेच तिला दवाखान्यात नेलं. मयताला आला, रडला. आठवड्याने परत आला आणि म्हणाला, नवीन भरती बंद आहे, पण मनीषाचं कार्ड चालू आहे, उजूला पाठवा, मशीनमध्ये तोंड तेवढं बदलून घेतो. घरात कमावतं कुणी उरलं नव्हतं. आई म्हणाली, जा. गेले. तिच्या वेळच्या बायका काम सोडून गेल्या होत्या, तेव्हापासून तिथे मीच मनीषा. उज्ज्वला नावाची बाई त्या गोडाऊनमध्ये कधी गेलीच नाही.

२४ जानेवारी

शबाना घरी आली. पहिल्यांदाच. कामतघरच्या आमच्या चाळीत शिरून तिने मनीषाचं घर विचारलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, मनीषा तर कधीच वारली.

दारात आली तेव्हा चेहरा पांढराफटक. मला बघून किंचाळलीच. "बाजूवाली बोली तू मर गई!" मग सगळं सांगावं लागलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "तो तीन साल मैं किसको बुलाती थी?"

"मलाच," म्हटलं.

"तेरा नाम क्या है फिर?"

सांगितलं. दोनदा म्हणून बघितलं तिने, जिभेवर बसेना. "जाने दे, बाद में सीखूँगी." दोघी हसलो. हसताना पाठीत कळ आली.

जाताना सांगून गेली, पॉवरलूमच्या कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या लीलाताई इथेच बसतात, तिच्या भावाचा पगार त्यांनीच काढून दिला. जा म्हणाली.

२६ जानेवारी, रविवार

शबानाच्या लक्षात आलं होतं बहुतेक, आमच्या भिंतीवर मनीषाचा फोटो नाही. कसा लावणार? गोडाऊनची गाडी रोज चाळीच्या तोंडाशी थांबायची, बायका हाक मारायला दारापर्यंत यायच्या. हार घातलेला फोटो बघून त्या काय म्हणाल्या असत्या? तिच्या पुण्यतिथीचं पुण्यानुमोदनही आम्ही इथे करत नाही. दिघाशीला मामाकडे जातो, गुपचूप खीर खाऊन परत येतो. फोटो आईच्या पेटीत आहे, मनीषाच्या निळ्या ओढणीत गुंडाळलेला.

आणि आई मला नावाने हाक मारत नाही. "बाय" म्हणते. गाडीतल्या बायकांसमोर चुकून तोंडून जायला नको म्हणून सुरू केलं होतं. आता गाडी नसते तेव्हाही बायच.

२९ जानेवारी

गेले लीलाताईंकडे. कारखान्याच्या माळ्यावर खोली, खाली लूम चालू, प्रत्येक वाक्य ओरडून बोलायचं. त्यांनी नाव विचारलं आणि मी सांगितलं, मनीषा. सवय! मग जीभ चावली आणि सगळंच सांगितलं. वाटलं होतं हाकलून देतील.

"काम कुणी केलं?" एवढंच विचारलं त्यांनी.

"मी."

"मग मजुरी तुझी. तू कुठल्या नावाने उभी होतीस ते नंतर. कार्ड तसं त्यांनी चालू ठेवलं, नवीन माणूस कागदावर घ्यायला नको म्हणून. तुझ्याही अंगाशी थोडं येईल. ते येऊ दे. लपवायचं मात्र काही नाही."

आणखी म्हणाल्या, उभ्याने काम करणाऱ्याला मध्ये टेकायची सोय करून द्यायची असते, कायद्यात आहे. मी बघतच राहिले. तीन वर्षं मी चोरासारखी खोक्यावर टेकत होते.

मनीषाचे हक्काचे जे काही पैसे होते तेही आईने कधी मागितले नाहीत. मागायला गेलं की ती गेल्याचं सांगावं लागलं असतं.

आता कामगार ऑफिसात अर्ज माझ्या नावाने करायचा. पण आईने येऊन सांगायला हवं की मनीषा वारली, आणि तिच्या जागी मी जात होते. नुसता मृत्यूचा दाखला दाखवून भागणार नाही म्हणाल्या.

संध्याकाळी आईला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मी न्हाय येनार."

का?

"त्या गाडीतल्या पोरी सकाली दारात येऊन मनीषा, मनीषा करायच्या ना, मला वाटायचं हाय माजी पोर. कुटंतरी हाय. येवडी एक हाक उरली व्हती. ती पन मीच जाऊन बंद करू?"

मला राग आला. नको तेवढा आला. "आई, जिवंत मी आहे," म्हटलं. भाकरी करपली.

३० जानेवारी

आई बोलत नाही. मीही नाही. मनीषा असती तर दोघींना हसवलं असतं. तिची आठवण आज फार आली.

२ फेब्रुवारी, रविवार

दिनेश आला. राजीनामा लिहूनच आणला होता, मनीषाच्या नावाचा. घरगुती कारणाने स्वखुशीने काम सोडते वगैरे. सही केली की पगार लगेच हातात.

"एक सही. मनीषा म्हणून कर. दर पगाराला करतेसच की."

म्हटलं, आणि नाही केली तर?

"तर ते विचारतील तू कोण? मेलेल्या बाईच्या नावावर फसवलं म्हणून तुझ्यावरच उलटवतील. उजू, मी तेव्हा तुमच्यासाठीच केलं गं." खोटं बोलत नव्हता. त्याचंच वाईट वाटलं. माझ्यासाठीही केलं आणि ठेकेदारासाठीही केलं. ज्याचं खायचं त्याचंच वजन शेवटी जास्त.

आईने त्याला चहा दिला. म्हणाली, "दिनेश, मनीषाचं काम चांगलं व्हतं ना रं?" कुठल्या मनीषाचं विचारते ते त्याला कळेना. मलाही कळलं नाही. तो "हो मावशी" म्हणाला आणि कप अर्धा ठेवून उठला.

सही केली नाही. पण मोह झाला, इथे तरी खरं लिहिते. डब्यात तांदूळ तळाला लागलेत. एक सही तर होती.

३ फेब्रुवारी

अर्ज केला. माझ्या नावाने. माझीच सही मला अनोळखी वाटली.

११ फेब्रुवारी

पहिली तारीख. कामगार ऑफिसातल्या साहेबांपुढे ठेकेदाराचा वकील आला, नीट इस्त्रीचा माणूस. उत्तर वाचून दाखवलं. उज्ज्वला नावाची कोणीही महिला आमच्याकडे कधी कामाला नव्हती. मनीषा आमच्या कामगार आहेत, न सांगता गैरहजर आहेत. त्या हजर झाल्यास आम्ही त्यांना कामावर घ्यायला तयार आहोत.

साहेबांनी मला विचारलं, "मनीषा कुठे आहेत?" मी लीलाताईंकडे बघितलं. त्यांनीच सांगितलं, वारली. वकील म्हणाला, यांनी सांगून काय होतंय, घरचं कुणी येऊन सांगू दे.

घरी येऊन आईला सगळं सांगायचं नव्हतं. ती विचारत नव्हतीच. पण पाणी पिता पिता तोंडून गेलं, "ते म्हणतात, मनीषा आली तर कामावर घेऊ."

आई तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"काय म्हनतात?"

परत सांगितलं.

"आली तर?" आईचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "त्यांच्याच गाडीतून गेली माजी पोर. त्या दिनेशनं तिचं डोकं मांडीवर घेतलं व्हतं. आनि आली तर म्हनतात?"

सूप तसंच ठेवून आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. मग खूप रडली. मनीषा गेली तेव्हा आई अशी रडलीच नव्हती. तेव्हा मला कामाला पाठवायची घाई होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि मीही रडले.

१६ फेब्रुवारी

शबानाचा फोन. साक्षीला येशील का, मी विचारलं. खोका सरकवला तो तिने बघितलाय, आणि तीन वर्षं माझ्या शेजारी तीच उभी होती. म्हणाली, "आऊँगी तो मेरा भी लाल हो जाएगा." म्हणजे मशीनवरचा चौकोन. मी आग्रह केला नाही. तिला दोन पोरं आहेत. फोन ठेवताना "उज्जला" म्हणाली. जवळपास आलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी तारीख. आई आली. पांढरी साडी, मामाच्या मुलीच्या लग्नातली. शिपायाने नावं पुकारली. ठेकेदाराच्या उत्तरात होतं म्हणून मनीषाचंही, "हजर आहेत का?"

आई उठली.

"ती न्हाय येनार, सायेब. ती वारली. मी तिची आय. ह्यांच्या गाडीतनं गेली, ह्यांना म्हाईत हाय. तिच्या कार्डावर माजी ही पोर उभी केली, ती ह्यांनीच. मी हो म्हनले, ती माजी चूक. पन काम हिनं केलंय. लाथ हिच्या खोक्याला बसली. हिचं नाव लिवा."

वकील उसळला, म्हणजे फसवणूक कबूल झाली! लीलाताई म्हणाल्या, मग मशीनमध्ये तोंड कुणी बदललं तेही होऊन जाऊ दे. साहेबांनी दोघांना गप्प केलं. सगळं लिहून घेतलं. पुढच्या तारखेला दिनेशला बोलावलंय. तो खरं बोलेल का? माहीत नाही. शबाना येईल का, तेही नाही. माझ्यावर उलटेल का, ते तर लीलाताईंनाही सांगता येत नाही. पुढची तारीख मार्चमध्ये.

बाहेर आल्यावर आई मंडईकडे वळली. म्हटलं, कुठे? बोलली नाही. झेंडूचा हार घेतला. भाव केला नाही.

घरी आल्यावर काकूंकडून हातोडी आणली. फोटो निळ्या ओढणीतून काढून पुसला. मनीषा हसतेय, केसात क्लिप, मागे कुणाच्या तरी लग्नाचा मांडव. खिळा मी ठोकला. आईने हार घातला, मेणबत्ती लावली, हात जोडले. उद्या सकाळी गाडी इथूनच जाईल, कुणी बायका डोकावल्या तर बघतील. बघू देत.

मग आई दोन पावलं मागे सरली.

"उजू," आई म्हणाली, "सरल हाय का बग."

बघितलं. डोळे भरले होते, काही दिसलं नाही. सरळ आहे म्हटलं.